टायब्रेकरमध्ये सात खेळाडूंची अट नसते

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्हा पातळीवरच्या फुटबॉलच्या बाद फेरीच्या सामन्यात पूर्ण वेळेअंती १-१ बरोबरी. जादा वेळ ठेवलेला नव्हता, थेट टायब्रेकर, म्हणजे आळीपाळीने पेनल्टी मारून निकाल. एका संघाचे, त्याला ‘अ’ म्हणू, सातच खेळाडू मैदानावर उरलेले: तिघांना लाल कार्ड आणि बदली खेळाडू संपल्यावर एक जखमी. ‘ब’ संघाचे पूर्ण अकरा, आणि ते अकराही टायब्रेकरसाठी थांबले. तिसऱ्या फेरीत ‘अ’चा गोलरक्षक दुसऱ्यांदा गोललाइन सोडून पुढे आला म्हणून त्याला पिवळं कार्ड मिळालं. सामन्यात त्याला आधी एक पिवळं होतंच, म्हणून रेफ्रीने लाल दाखवलं. आता सहाच उरले, म्हणून सामना थांबवला आणि जागेवरच ‘ब’ला विजयी जाहीर केलं. विचारणारा ‘अ’ संघाचा आहे आणि त्याला जाणून घ्यायचंय की हे नियमाला धरून झालं का.

नाही झालं. यात तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि तिन्ही एकाच गैरसमजातून आल्या आहेत: टायब्रेकर म्हणजे सामन्याचाच पुढचा भाग, असं समजण्यातून. नियमांच्या दृष्टीने शेवटची शिट्टी वाजली की सामना संपला. तो बरोबरीतच सुटला. त्यानंतर पेनल्टी मारायच्या त्या पुढे कोण जाणार किंवा चषक कोण नेणार हे ठरवण्यासाठी. सात खेळाडूंची अट सामन्याला आहे, या निवडीला नाही.

आधी सातची अट नीट बघू, कारण तीसुद्धा अर्धवटच सांगितली जाते. फुटबॉलच्या नियमावलीतला नियम क्रमांक ३ म्हणतो की कुठल्याही संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करायचा नाही, आणि सुरू असेल तर पुढे चालवायचा नाही. या सातात गोलरक्षक धरलेला आहे. म्हणजे सात जण आले असतील, त्यातला एक गोलरक्षक म्हणून उभा असेल, तर समोरच्या संघाने कितीही तक्रार केली तरी रेफ्रीने शिट्टी वाजवायची. उशिरा येणारे नंतर आत येऊ शकतात; मात्र नावं आधी द्यायची अट स्पर्धेत असेल तर यादीत नाव हवं. आपल्याकडे दुपारच्या पहिल्या सामन्याला निम्मी टीम वाटेत असते, तेव्हा हा नियम रोज उपयोगी पडतो. किती मिनिटं वाट बघायची हे स्पर्धेचे नियम सांगतात.

युरोपातल्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्येही हे घडलेलं आहे. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी लिस्बनजवळ बेलेनेन्सेस साद विरुद्ध बेनफिका हा सामना होता. बेलेनेन्सेसच्या संघात कोविडची साथ पसरलेली. ते नऊ जण घेऊन उतरले, त्यातले दोघे गोलरक्षक, म्हणजे एक गोलरक्षक मैदानात खेळाडू म्हणून धावत होता. मध्यंतराला बेनफिका ७-० ने पुढे. उत्तरार्धाला बेलेनेन्सेसचे सातच जण परत आले. काही मिनिटांतच त्यातला एक खाली बसला, सहा उरले, सामना बंद. नऊ जणांनी सुरुवात करण्यात नियमभंग काहीच नव्हता. तो सामना खेळवायला हवा होता का, हा वेगळा प्रश्न आणि त्यावर पोर्तुगालमध्ये भरपूर वाद झाला.

लाल कार्डांमुळे असं व्हायला जरा जास्त ‘मेहनत’ लागते. १६ मार्च २००२, शेफील्डचं ब्रॅमल लेन मैदान, शेफील्ड युनायटेड विरुद्ध वेस्ट ब्रॉमविच. शेफील्डचा गोलरक्षक नवव्या मिनिटालाच बाहेर गेला, बॉक्सबाहेर हाताने चेंडू अडवल्याबद्दल. उत्तरार्धात दोन बदली खेळाडू आत आले आणि थोड्याच वेळात दोघांनाही लाल कार्ड. आठ उरले. तिन्ही बदल वापरून झालेले. मग दोघे जखमी म्हणून बाहेर पडले आणि ८२ व्या मिनिटाला रेफ्रीपुढे पर्याय राहिला नाही. ते दोघे खरंच खेळू शकत नव्हते का, यावर तेव्हा उघड शंका घेतली गेली. लीगने सामना पुन्हा खेळवला नाही, वेस्ट ब्रॉमविचचा ३-० विजय कायम ठेवला.

मुद्दाम बाहेर पडून सामना मोडण्याचा मार्ग नियमाने थोडा अवघड केला आहे. खेळाडू जाणूनबुजून मैदान सोडून गेल्यामुळे संख्या सातच्या खाली आली, तर खेळ त्याच क्षणी थांबवायची सक्ती रेफ्रीवर नाही. समोरच्या संघाचा हल्ला चालू असेल तर तो पुरा होऊ द्यावा, गोल झाला तर तो धरला जातो. पण चेंडू एकदा खेळाबाहेर गेला की सात जण नसताना पुन्हा सुरुवात करता येत नाही. सातवा खेळाडू लाइनबाहेर उपचार घेत असेल, तर मी वाजवी वेळ थांबतो. किती, ते नियमात मिनिटांत दिलेलं नाही. पट्टी बांधायला लागतो तेवढा वेळ द्यावा. स्ट्रेचर मैदानाबाहेर निघालं असेल तर उगाच घड्याळ बघत बसण्यात अर्थ नाही.

आणि हे फार महत्त्वाचं: सामना थांबवल्यावर विजेता जाहीर करणं हे रेफ्रीचं काम नाही. नियम ७ प्रमाणे थांबवलेला सामना पुन्हा खेळवायचा असतो, स्पर्धेच्या नियमांत किंवा संयोजकांनी वेगळं ठरवलं नसेल तर. रेफ्रीने थांबवायचं आणि अहवाल लिहायचा. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर केरळा ब्लास्टर्सचा संघ सुनील छेत्रीच्या झटपट फ्री किकवरच्या गोलनंतर मैदान सोडून गेला, ते बहुतेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. तिथे बेंगळुरूला १-० विजय मिळाला तो सामनाधिकारी आणि शिस्तपालन समितीच्या प्रक्रियेतून; ब्लास्टर्सला चार कोटींचा दंड आणि त्यांच्या प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी हेही पुढे समितीनेच ठरवलं. आपल्या स्पर्धांमध्ये माइक हातात असलेला माणूस हे काम दोन मिनिटांत उरकतो.

आता टायब्रेकर. नियम १० मध्ये स्पष्ट वाक्य आहे की पेनल्टी चालू असताना एखाद्या संघाचे खेळाडू सातपेक्षा कमी झाले तरी रेफ्रीने सामना रद्द करायचा नाही. ‘करू नये’ असा सल्ला नाही, मनाई आहे. कारण उघड आहे. इथे बचावफळी नाही, मधली फळी नाही, एक मारणारा आणि एक अडवणारा. सहा जण असले काय, पाच असले काय, खेळाचा तोल बिघडत नाही. उलट सातची अट इथेही लावली, तर हरायला लागलेला सात जणांचा संघ एका खेळाडूला पायात गोळा आला म्हणून बाहेर बसवेल आणि सगळंच मोडून टाकेल. त्यामुळे ‘अ’ संघ सहावर आला, तेव्हा फक्त एकच गोष्ट करायची होती: पुढची पेनल्टी.

पण मुळात तो सहावर यायलाच नको होता. सामन्यात मिळालेली ताकीद आणि पिवळी कार्डं टायब्रेकरमध्ये पुढे धरली जात नाहीत. हा बदल २०२२-२३ च्या नियमावलीत आला, आणि जिल्हा पातळीवर तो अजून सगळीकडे पोचलेला दिसत नाही. सामन्यात एक आणि टायब्रेकरमध्ये एक असं पिवळं मिळालं, तर अहवालात दोन पिवळी कार्डं लिहायची. लाल होत नाही. टायब्रेकरमध्येच दोन मिळाली तर मात्र लाल. १८ एप्रिल २०२४ रोजी कॉन्फरन्स लीगच्या उपांत्यपूर्व लढतीत लीलच्या मैदानावर अ‍ॅस्टन व्हिलाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ नेमका याच प्रसंगात सापडला होता. सामन्यात वेळ काढल्याबद्दल पिवळं, टायब्रेकरमध्ये प्रेक्षकांना खुणावल्याबद्दल दुसरं. मैदानावरच्या निम्म्या लोकांना वाटलं, गेला आता. तो गेला नाही, थांबला, आणि व्हिलाने टायब्रेकर ४-३ ने जिंकला. लील समर्थकांचा संताप समजण्यासारखा होता, पण रेफ्री बरोबर होता.

तुमच्या गोलरक्षकाच्या बाबतीत पिवळं देणं बरोबरच होतं. लाइन सोडल्यामुळे पेनल्टी पुन्हा मारावी लागली तर पहिल्या वेळी ताकीद, त्यानंतर पिवळं, असाच क्रम आहे. फक्त ते पिवळ्यावरच थांबायला हवं होतं.

समजा त्याने कुणाला मारलं असतं आणि सरळ लाल मिळालं असतं, तर पुढे काय? इथे एक बारकावा आहे जो चांगल्या चांगल्या प्रशिक्षकांनाही माहीत नसतो. लाल कार्ड मिळालेल्या गोलरक्षकाच्या जागी मैदानावरच्या पात्र खेळाडूंपैकीच कुणीतरी उभं राहायचं, बाकावरून दुसरा आणता येत नाही. पण गोलरक्षक जखमी होऊन खेळू शकत नसेल, तर वेगळं: संघाचे बदल शिल्लक असतील तर यादीतला बदली खेळाडू येऊ शकतो, किंवा संख्या सारखी करताना बाहेर ठेवलेला खेळाडू परत येऊ शकतो, बदल संपलेले असले तरी. ही सवलत फक्त गोलरक्षकासाठी. बाकी कुणी जखमी झाला तर त्याच्या जागी कुणीच नाही.

राहिली तिसरी चूक, संख्या सारखी न करण्याची. खरं तर घडली ती सगळ्यात आधी. सामन्याच्या शेवटी एका संघात जास्त खेळाडू असतील, तर त्यांनी आपली संख्या समोरच्याइतकी कमी करायची. ‘ब’ने चार जण बाहेर ठेवायला हवे होते, त्यांची नावं आणि नंबर रेफ्रीला सांगून. कोणते चार, हे ठरवण्याचा हक्क ‘ब’चा.

लोकांना हे अन्यायकारक वाटतं. “त्यांनी लाल कार्डं खाल्ली, आमचे खेळाडू का कमी करायचे?” हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वेळी विचारला जातो. उत्तर हिशेबात आहे. प्रत्येक पात्र खेळाडूने एकेक पेनल्टी मारल्याशिवाय कुणालाही दुसरी मारता येत नाही. अकरा विरुद्ध सात असताना आठव्या फेरीला सात जणांचा संघ आपला सर्वोत्तम खेळाडू पुन्हा पाठवेल आणि अकरांचा संघ आपला आठवा, म्हणजे बहुधा ज्याला कुणी स्वखुशीने पाठवणार नाही असा बचावपटू. अकराव्या फेरीला तर गोलरक्षकच. म्हणजे लाल कार्डांचा फायदा ती खाणाऱ्यालाच. १९९८ च्या विश्वचषकात सेंट एटिएनला बेकहॅमला बाहेर काढल्यावर इंग्लंडचे दहा आणि अर्जेंटिनाचे अकरा असताना टायब्रेकर झाला, तेव्हा हा नियम नव्हता. निकाल पहिल्या पाच फेऱ्यांतच ४-३ असा लागला म्हणून प्रश्न आला नाही. नियम २००० साली आला. २००६ च्या विश्वचषकाच्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात ११० व्या मिनिटाला फ्रान्सचा झिदान लाल कार्ड मिळून गेला, तेव्हा टायब्रेकरसाठी इटलीला एक जण बाजूला ठेवावा लागला. आधी ही समानता फक्त सुरुवातीला बघायची असे. २०१६ पासून ती टायब्रेकर चालू असतानाही लागू आहे. मधेच एका संघाचा खेळाडू कमी झाला की दुसऱ्यानेही एक कमी करायचा.

गोलरक्षकांनी पेनल्टी मारण्यापर्यंत गोष्ट जाते का? जाते. २६ मे २०२१, ग्दान्स्क, युरोपा लीगचा अंतिम सामना: व्हियारेआल आणि मँचेस्टर युनायटेडच्या बावीसच्या बावीस खेळाडूंनी मारल्या, शेवटची युनायटेडचा गोलरक्षक डे खेआ याची अडवली गेली आणि ११-१०. पुढच्या फेब्रुवारीत इंग्लिश लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीने खास टायब्रेकरसाठी केपा या गोलरक्षकाला जादा वेळेच्या शेवटी आत आणलं. त्याला एकही अडवता आली नाही आणि बावीसावी पेनल्टी त्यानेच बारवरून मारली. लिव्हरपूल ११-१०. बिचारा. पण यातून एक गोष्ट लक्षात घ्या: असा बदल शेवटच्या शिट्टीच्या आधीच करावा लागतो. २०१४ च्या विश्वचषकात हॉलंडने टिम क्रुल या गोलरक्षकाला कोस्टा रिकाविरुद्ध १२० मिनिटं उलटल्यावर, पण शिट्टीच्या आत आणलं होतं. शिट्टी वाजल्यावर चांगला पेनल्टी मारणारा बाकावर बसलेला दिसला तर त्याला पाणी द्या, दुसरं काही करता येत नाही. लाइनबाहेर तात्पुरता उपचार घेत असलेला खेळाडू मात्र पात्र असतो.

बावीस जणांच्या मारून झाल्या आणि तरी बरोबरी असली, की आमच्याकडचे काही संयोजक खिशात नाणं शोधू लागतात. हे आंतरराष्ट्रीय सामन्यातही झालं, आणि त्यात भारत होता. ८ फेब्रुवारी २०२४, ढाका, १९ वर्षांखालील मुलींच्या सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध बांगलादेश. पूर्ण वेळेत १-१. टायब्रेकरमध्ये दोन्हीकडच्या अकरा-अकरा मुलींनी, गोलरक्षकांसकट, एकही न चुकवता गोल केले. ११-११. पुढे काय करायचं यात शंकेला जागाच नव्हती: तेविसावी पेनल्टी, दुसरं चक्र, हवं तर क्रम बदलून. पण मॅच कमिशनरने दोन्ही कर्णधारांना बोलावून नाणेफेक करवली. भारताने ती जिंकली, मुलींनी जल्लोष केला. बांगलादेशने विरोध केला, प्रेक्षक खवळले, आणि कमिशनरने निर्णय मागे घेऊन पेनल्टी पुढे चालू करायला सांगितलं. तोवर भारताचा संघ परतायला तयार नव्हता. बराच वेळ घोळ चालला आणि अखेर दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. बावीस पेनल्टी एवढ्या थंड डोक्याने मारणाऱ्या मुलींच्या वाट्याला हे आलं, याचं मला आजही वाईट वाटतं. नाणं टायब्रेकरमध्ये दोनदाच लागतं आणि दोन्ही वेळा सुरुवातीला: कुठल्या गोलवर मारायचं आणि आधी कोण मारणार. बरोबरी राहिली तर कितीही वेळ मारत राहायचं. मे २०२४ मध्ये इस्रायलच्या तिसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या एका सामन्यात ५६ पेनल्टी झाल्या, २३-२२ असा निकाल लागला. तिथे अनेकांना तिसऱ्यांदा यावं लागलं असणार.

रेफ्री होऊ पाहणाऱ्यांना दोन गोष्टी. पाच जणांची नावं आधी कागदावर लिहून घ्यायची पद्धत सोडा. क्रम रेफ्रीला सांगायची गरज नियमात नाही, आणि आधी दिलेल्या यादीतला माणूस ऐनवेळी आला नाही की फुकटचा वाद. आपण फक्त कोण पात्र आहे हे निश्चित करायचं आणि कुणी मारली ते टिपायचं. दुसरं, शेवटच्या शिट्टीनंतर पहिलं काम मोजणी. मी दोन्ही संघ सेंटर सर्कलमध्ये उभे करून डोकी मोजतो, मग नाणं काढतो. तुमच्या सामन्यात एवढं झालं असतं तर निदान तिसरी चूक टळली असती. आणि टर्फवरच्या पाच किंवा सात जणांच्या स्पर्धांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका. फुटसालमध्ये संघ पाचांचा, आणि तीनपेक्षा कमी झाले की सामना थांबतो. सात जणांच्या स्पर्धेत ही मर्यादा संयोजकांनीच आधी छापून द्यायला हवी.

आता तुमच्या हातात काय आहे. रेफ्रीने पाहिलेल्या घटनेबद्दलचा निर्णय, म्हणजे गोलरक्षक पुढे आला की नाही, हा अंतिम असतो, त्यावर भांडू नका. नियम लावण्यातली चूक ही वेगळी बाब आहे आणि तिला आधार आहेत. सप्टेंबर २००५ मध्ये ताश्कंदला उझबेकिस्तान-बहरीन विश्वचषक पात्रता सामन्यात उझबेक खेळाडू बॉक्समध्ये लवकर घुसला म्हणून गोल झालेली पेनल्टी पुन्हा मारायला लावायच्या ऐवजी रेफ्रीने बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) दिली. फिफाने अख्खा सामना रद्द करून पुन्हा खेळवला. तक्रार उझबेकिस्ताननेच केली होती, त्यांनी १-० ने जिंकलेला सामना पुन्हा खेळताना १-१ झाला आणि शेवटी तेच बाहेर पडले. एप्रिल २०१५ मध्ये १९ वर्षांखालील मुलींच्या इंग्लंड-नॉर्वे सामन्यात हुबेहूब तीच चूक झाली, तेव्हा युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, काही दिवसांनी फक्त त्या पेनल्टीपासून पुढची काही सेकंदं खेळवली. इंग्लंडच्या लिआ विल्यमसनने गोल केला, २-२.

मला दुसरा मार्ग तुमच्यासाठी योग्य वाटतो. संख्या सारखी न केल्याचा परिणाम तिसऱ्या फेरीपर्यंत झालेलाच नाही, म्हणून टायब्रेकर पहिल्यापासून मागायचं कारण नाही. तक्रारीत विजय मागू नका. तिसऱ्या फेरीतल्या त्याच पेनल्टीपासून पुढे खेळवा, आमचा गोलरक्षक पिवळ्या कार्डासह गोलमध्ये राहील आणि ‘ब’ने अजून न मारलेल्यांपैकी चार जण बाजूला ठेवावेत, असं मागा. नियम ३, ७ आणि १० चे उल्लेख करा, स्पर्धेच्या नियमावलीतली मुदत आणि शुल्क आजच बघून घ्या. आणि रेफ्रीच्या अहवालाची प्रत मागा. त्यात सामना थांबवण्याचं कारण ‘सहा खेळाडू’ असं लिहिलेलं असेल, तर तुमचं निम्मं काम त्या एका ओळीने होईल.